पावणेदोन घनफूट निष्ठा

आमच्या लहानपणी ‘हाय-फाय’ हा शब्द माणसांना लावत. ज्यांच्या घरी सोफा असे, सोफ्यावर कव्हर असे आणि कव्हरावर बसायला मुलांना बंदी असे, ते लोक हाय-फाय. “त्यांच्याकडे नको बाई, फार हाय-फाय आहेत ते,” असं आई म्हणायची आणि आम्ही मुकाट्याने, जिथे चहा बशीत ओतून पिता येतो अशा घरी जात असू. त्यामुळे या शब्दाच्या पोटात ‘निष्ठा’ लपलेली आहे हे जेव्हा वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तेही एका ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात, मी वाचलं, तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखंच झालं. फाय म्हणजे म्हणे फिडेलिटी. मूळ आवाज जसा होता तसाच, न वाढवता न घटवता, ऐकणाऱ्याच्या कानी घालणे म्हणजे हाय फिडेलिटी. उच्च प्रतीची निष्ठा. बावीस वर्षं बँकेत काढल्यावर निष्ठेशी माझा संबंध दोनच ठिकाणी उरला होता. एक सेवापुस्तिकेत आणि एक लग्नाच्या आल्बममध्ये. आता ती रोखीने विकत मिळते म्हटल्यावर मोह आवरला नाही.

निष्ठा नेमकी कुणाशी, हे त्या माहितीपत्रकात दिलेलं नव्हतं. मलाही विचारायचं सुचलं नाही. कर्जाच्या अर्जावरचं बारीक टाइपातलं कलम मी रोज दहा जणांना वाचून दाखवतो, पण स्वतः काही घेताना मात्र ठळक टाइपावरच भुलतो.

या सगळ्याला कारणीभूत आमचे हेड कॅशियर. त्यांनी पुण्याला मेहुण्याकडे एक सिस्टीम ऐकली आणि आल्यावर आठवडाभर नोटा मोजताना मधेच थांबून ते हवेत बोट दाखवू लागले. “तानपुरा इथे, तबला तिथे, आणि पेटीवाला जरा मागे, खांबाशेजारी!” खांब कुठून आला हे मी विचारलं नाही. दिवाळीचा फेस्टिव्हल ॲडव्हान्स मिळाला होता. घरात तो फ्रिजच्या नावाने आधीच खर्ची पडलेला होता. जुना फ्रिज अजून दोन वर्षं सहज काढेल हे मी हिला तीन रात्री पटवत होतो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आणा तुमचा तो भोंगा, पण फ्रिज बंद पडला तर दूध त्याच्यात ठेवीन.”

तर भोंगा. खरं म्हणजे दोन भोंगे. याचीही एक गोष्ट आहे. 1931 साली इंग्लंडात ॲलन ब्लमलाइन नावाचा एक इंजिनियर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावर नायक डावीकडून उजवीकडे चालत जाई आणि आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येत राही. त्याला ते खटकलं. त्यातून त्याने स्टिरिओची युक्ती काढून त्याच वर्षी पेटंटचा अर्ज केला. आपल्याकडे ही अडचण कुणाला जाणवली नसावी, कारण आपला नायक गाताना झाडाभोवती फिरून पुन्हा मूळ जागीच येतो. शिवाय बायकोबरोबर सिनेमाला जाऊन आवाज कुठून येतो याचा विचार करणारा नवरा आपल्याकडे घरी सुखरूप परतत नाही.

दोन स्पीकर आले, ॲम्प्लिफायर आला, आणि मग कळलं की एवढ्याने भागत नाही. छोट्या स्पीकरांना खर्ज पेलत नाही. त्यासाठी तिसरा प्राणी लागतो, सब-वूफर. हा गात नाही, बोलत नाही, फक्त घुमतो. पखवाजाची डावी बाजू, डग्ग्याचा घुमारा, तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचं बूड, एवढंच त्याचं काम. 1974 साली ‘अर्थक्वेक’ नावाचा सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांत असले राक्षसी भोंगे लावून प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या होत्या. आपल्याकडे हे काम एसटी फार पूर्वीपासून करत आली आहे.

तयार सब-वूफर ॲडव्हान्सच्या बाहेर जात होता, म्हणून दहा इंची ड्रायव्हर तेवढा मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवला आणि खोकं इथेच करून घ्यायचं ठरवलं. पावणेदोन घनफूट, अठरा मिलिमीटर प्लायवूड, आत आडव्या पट्ट्या, सगळे सांधे हवाबंद. आमच्या सुताराने काम असं केलं की पेशव्यांचा खजिना ठेवावा. शेवटी मी त्याला समोरच्या बाजूला तीन इंची गोल भोक पाडायला सांगितलं, तेव्हा त्याने पेन्सिल कानामागे ठेवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “साब, इत्ता मजबूत डब्बा बनाया, अब इसमें छेद करूं? चूहा जाएंगा ना.” त्या भोकातूनच खर्ज बाहेर येतो हे मी त्याला समजावलं. त्याने भोक पाडलं, पण जाताना हिला हळूच सांगून गेला की ज्वारी ठेवायची असेल तर भोकावर जाळी मारून देतो.

आता हे खोकं ठेवायचं कुठे? यालाच ट्यूनिंग म्हणतात आणि यातच माणसाची इभ्रत जाते. खर्जाचा स्वर म्हणजे हवेतली लांबलचक लाट असते. चाळीस हर्ट्झच्या स्वराची एक लाट साधारण साडेआठ मीटर भरते, म्हणजे आमच्या बारा फुटी हॉलच्या दुपटीहून जास्त. ती बिचारी खोलीत मावत नाही, भिंतींवर आपटते, परत येते आणि स्वतःलाच धडकते. त्यामुळे एका जागी खर्ज दुप्पट होतो आणि दोन हात पलीकडे जवळजवळ नाहीसा होतो. यावर जगभरच्या दर्दी मंडळींनी काढलेला तोडगा असा : जिथे बसून तुम्ही ऐकणार त्या खुर्चीवर सब-वूफर ठेवायचा, गाणं लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने चार पायांवर रांगत फिरायचं. जिथे खर्ज सर्वांत छान ऐकू येईल तिथे मग खोकं न्यायचं. विज्ञानाला धरून आहे हे. पण रात्री नऊ वाजता खुर्चीवर खोकं विराजमान झालेलं आहे आणि बँकेचा एक जबाबदार नोकर बनियनवर, कान जमिनीला लावून, टीपॉयखालून सरपटतो आहे, हे दृश्य विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंना विज्ञानाला धरून वाटलं नाही. त्यांनी हिला खुणेनेच विचारलं, “कधीपासून?”

आमचं घर सिडकोतलं, रांगेतलं. छप्पर सलग, भिंत सामाईक. मधली भिंत एक आणि तिच्या दोन बाजूंना दोन संसार. माझ्या सरपटण्याचा निकाल असा लागला की खर्ज सर्वांत उत्तम येतो तो याच सामाईक भिंतीच्या कोपऱ्यात, अण्णांच्या खाटेशेजारी. ॲम्प्लिफायर समोरच्या भिंतीला, मधे स्वयंपाकघराचं दार. दारातून वायर टाकायला हिने ठाम नकार दिला, अण्णा अडखळतील म्हणून. ते बरोबरच होतं. मग बिनतारी जोडणीचं एक किट आणलं. ॲडव्हान्स संपला.

आता खरी मजा. सगळी जुळणी झाल्यावर मी आधी मुलीला बसवून परीक्षा घेतली. माणसाचा कान वीस ते वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो असं पुस्तकात असतं. माझे स्पीकर वीस हजारांपर्यंत जातात, त्याचे मी पैसे मोजले होते. चाचणीचा स्वर चढत चढत चौदा हजारांवर गेला आणि मी म्हणालो, “संपला.” आठवीतली आमची कन्या म्हणाली, “बाबा, वाजतोय की अजून.” तो पुढे बराच वेळ तिच्यासाठी वाजत राहिला. चाळिशीनंतर वरचे स्वर कानातून एकेक करून निवृत्त होतात. म्हणजे चौदा ते वीस हजारांची रक्कम मी अशा खात्यात भरली होती, ज्यातून मला कधीच काढता येणार नव्हती.

खालच्या टोकाला वेगळीच गंमत. मोठ्या हौसेने माझ्याकडची सर्वांत जुनी ध्वनिमुद्रणं लावली. सब-वूफर ढिम्म. बोलेचना. मला वाटलं बिघडला. मग लक्षात आलं, की 1902 साली कलकत्त्याला गौहर जानचं गाणं मुद्रित झालं तेव्हापासून पुढची वीस-बावीस वर्षं गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून गावं लागे, आणि तबकडीवर खर्ज जवळपास उमटतच नसे. विजेवरचं ध्वनिमुद्रण 1925 नंतरचं. म्हणजे डग्गा वाजला होता, वाजवणाऱ्याने घाम गाळला होता, पण तबकडीत तो नव्हताच. मग माझी ही उच्च प्रतीची निष्ठा कुणाशी? त्या मैफिलीशी, की त्या तबकडीशी? मैफिलीशी म्हणावं तर बटण फिरवून नसलेला खर्ज घालावा लागेल. तबकडीशी म्हणावं तर तबलजीवर अन्याय.

अशा वेळी आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना नाथमहाराज आठवतात. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. एकनाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलकारांनी इतके पाठभेद घुसवले होते की मूळ कोणतं आणि पदरचं कोणतं हे कळेना. नाथांनी 1584 साली प्रती ताडून शुद्ध पोथी सिद्ध केली आणि वर बजावून ठेवलं, की यात कुणी आपली ओवी घालू नये. स्वतः एवढे मोठे कवी, पण त्यात आपला एक शब्द मिसळला नाही. त्या दृष्टीने ॲम्प्लिफायरवरचं ‘बास’ आणि ‘ट्रेबल’चं बटण म्हणजे सरळ सरळ आपली ओवी घालणंच. मी दोन्ही बटणं मधोमध ठेवली आणि त्यांना हात लावायचा नाही असं सर्वांना बजावलं. घरातल्यांनी ते फार मनावर घेतलं असं नाही, कारण त्यांनी हात लावायचा विचारच केलेला नव्हता.

उलट बाजूनेही विचार करून पाहिला. वेरूळला दहा नंबरच्या लेण्यात जाऊन या, विश्वकर्मा लेणं. त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, कारण छताला लाकडी तुळया असाव्यात तशा फासळ्या अखंड दगडात कोरल्या आहेत. त्या फासळ्या काहीच पेलत नाहीत. खरं लाकूड असतं तर पेलल्या असत्या. तेराशे वर्षांपूर्वीचा तो पाथरवट लाकडाशी इतका निष्ठावान, की दगडात काम करताना त्याने सांधेसुद्धा सुतारासारखे काढले. आणि त्या गुहेत उभं राहून कुणी नुसता हुंकार दिला तर सगळी गुहा घुमते. दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त परत करते. माहितीपत्रकाच्या हिशोबाने ती गुहा अत्यंत लो-फाय म्हणावी लागेल. मी तिथे दोनदा हुंकार देऊन पाहिला आहे. माझ्या सिस्टीमवर तसा आवाज अजून आलेला नाही.

असो. या तात्त्विक अडचणीत मी महिनाभर सुखाने होतो. मग एका दुपारी शेजारच्या काकू आल्या. विरजण मागायला नव्हे.

“काय वाजायलंय हो तुमच्याकडं? आमची मांडणी बोलायली.”

त्यांच्या स्वयंपाकघरातली मांडणी त्याच सामाईक भिंतीवर. माझा पखवाज घुमला की त्यांचे स्टीलचे पेले किणकिणत. मी जाऊन ऐकलं. आमच्याकडे अभंगवाणी लागली होती, भीमसेनजी रंगात आले होते. पलीकडे त्यातला एक शब्द येत नव्हता, स्वर येत नव्हता, नुसतं धुम्, धुम्, आणि वर पेल्यांचा टिणटिणाट. वरचे स्वर भिंत अडवते, पण खर्ज तिच्यातून, पाहुणे मागच्या दाराने यावेत तसा खुशाल जातो. म्हणजे गाणं माझ्याकडे राहिलं आणि दणका त्यांच्याकडे गेला. वाणिज्य शाखेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की कुठलीही रक्कम जमा झाली की ती कुणाच्या तरी नावे पडतेच. पण शेजाऱ्याच्या खात्यावर त्याला न विचारता नावे टाकलेली नोंद बँकेत सापडली, तर चौकशी लागते.

काकूंचं पेल्यांबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यांचा मुलगा वाळूजला कारखान्यात आहे, तीन पाळ्यांत. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो सकाळी येतो आणि दुपारभर झोपतो. झोपत असे, म्हणजे. तो मला फाटकाशी भेटला तेव्हा अगदी अदबीने म्हणाला, “काका, गाण्याचं काही नाही, पण झोप येईना गेली बघा. मशीनवर हात असतो रात्री.”

मी घरी येऊन कायदा पाहिला. ही आमची सवय. कुणाचं दुःख समोर आलं की आधी परिपत्रक काढायचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. मला क्षणभर हायसं वाटलं, कारण मी दुपारी वाजवत होतो. मग लक्षात आलं, की त्या पोराची रात्र दुपारी असते आणि ती कुठल्याच नियमात धरलेली नाही. मी नियमात बसत होतो आणि तो झोपत नव्हता.

तर खोकं बंद करून टाकावं, एवढं सोपं होतं. पण तोवर अण्णा मधे आले होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि गावी भजनी मंडळात पखवाज वाजवत. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कान गेली सहा-सात वर्षं जातच आहेत. श्रवणयंत्र आणलं, ते डबीत आणि डबी टेबलाच्या खणात. “यात भांडी ऐकू येतात, माणसं येत नाहीत,” म्हणाले. रेडिओ बंद केला, मग हळूहळू बोलणंही कमी केलं. दिवसभर खाटेवर भिंतीकडे पाहत बसून असत. आम्ही दोघं नोकरीवर, मुलगी शाळेत. खरं सांगायचं तर त्यांच्या गप्प बसण्याची आम्हाला सोय वाटू लागली होती.

खोकं त्यांच्या खाटेशेजारी ठेवलं तेव्हा त्यांना विचारलंही नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी मी अभंग लावला आणि बटणं न्याहाळत बसलो होतो. मागे पाहिलं तर अण्णांचा डावा हात खोक्यावर पालथा टेकलेला, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर चाललेली. भजनी ठेका. म्हातारपणात वरचे स्वर आधी जातात, खर्ज बराच काळ टिकतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते माझ्या घरातल्या माणसाला लागू पडेल हे डोक्यात आलं नव्हतं. गाणं संपलं तेव्हा ते म्हणाले, “पखवाजवाला तयारीचा आहे.” किती दिवसांनी त्यांनी आपण होऊन एक वाक्य उच्चारलं होतं. संध्याकाळी त्यांनी खणातली डबी काढायला लावली.

त्या दिवसापासून रोज दुपारी अण्णा स्वतः सिस्टीम लावू लागले. आवाज चढवून. त्यालाही कारण आहे. आवाज कमी केला की कानातून सगळ्यांत आधी खर्जच नाहीसा होतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे 1933 सालीच मोजून ठेवलं आहे. म्हणजे अण्णांना पखवाज ऐकू यायचा तर आवाज मोठाच हवा, आणि मोठा केला की भिंतीपलीकडे ते पोर टक्क जागं.

आता सांगा. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा मुलगा ज्याचा हात रात्री मशीनवर असतो. हेड कॅशियरना विचारलं तर ते म्हणाले, “वडिलांसाठी आहे म्हटल्यावर शेजाऱ्यांनी समजून घ्यायला हवं.” हे वाक्य फार धोक्याचं आहे. आपल्या गल्लीत जो जो भोंगा लागतो तो कुणाच्या तरी चांगल्यासाठीच लागलेला असतो, आणि दुसऱ्याने समजून घ्यायलाच हवा असतो. मला एक लाजिरवाणी गोष्टही कबूल करायला हवी. अण्णांचं कारण मिळाल्यावर मला आतून बरं वाटलं होतं. माझ्या हौसेला वयोवृद्ध जामीनदार मिळाला होता.

खोक्याखाली रबर लावून पाहिलं, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून पाहिले. ट्रेंनी खर्ज तसूभर अडला नाही. उलट आम्ही शाकाहारी असल्यामुळे गल्लीत चर्चा मात्र झाली. शेवटी उपाय सुचला तो अण्णांच्या हाताकडे पाहून. ते ऐकत होते कुठे? त्यातलं निम्मं तळव्याने चाललं होतं. तळव्याला हवेतून येणारा आवाज कशाला हवा?

मग खऱ्या अर्थाने ट्यूनिंग झालं. खोकं भिंतीपासून ओढून खाटेला चिकटवलं, खाली घोंगडीची घडी घातली. मुलीला फोन देऊन काकूंच्या मांडणीसमोर उभं केलं. अण्णांचा हात खोक्यावर. माझा हात बटणावर.

“आता?”

“टिणटिणतोय.”

“आता?”

“एकच पेला. मागचा.”

“आता?”

“आता नाही. काकू म्हणतायत थांबा, भजी खाऊन जा.”

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची बोटं चालू होती. मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. खर्ज साफ गेला होता. माझ्या कानाला सगळं गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागत होतं, आमच्या जुन्या मर्फी रेडिओपेक्षाही फिकं. तानपुरा इथे, तबला तिथे यातलं काही उरलं नव्हतं. एक फेस्टिव्हल ॲडव्हान्स, तीन महिने, आणि बटण अशा जागी येऊन थांबलं होतं जिथे सिस्टीम लावणाऱ्याखेरीज सर्वांची सोय होती. मी ते बटण पुन्हा वर नेलं नाही, पण बोट त्याच्यावर बराच वेळ होतं.

आता वाळूजच्या पाळ्यांचं वेळापत्रक आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. त्याची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात, दुपारी तो कामावरून यायच्या आधी, मी रजेवर असलो तर बटण थोडं वर नेतो. वर्षात अशा दुपारी फार येत नाहीत.

गेल्या रविवारी तो मुलगा आला होता. अण्णांनी त्याला हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाले, “हात ठेव.” त्याने खोक्यावर हात ठेवला. जरा वेळ ऐकलं, आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. “अरे, हे गाणं होतं होय! आमच्याकडं हेच यायलं होतं दोन महिने. ठेका पाठ झालाय मला, पण गाणं आज कळायलं.”

“काय म्हणतो?” अण्णांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

अण्णांनी मान हलवली. “त्याला विचार, पखवाज झांजेच्या जरा मागे राहतो, ते त्याच्याकडे कळत होतं का?”

मी म्हणालो, तसं काही नाही अण्णा, सगळं मोजून बसवलं आहे. दोन दिवसांनी सहज बिनतारी किटचं पत्रक काढून वाचलं. खोक्यापर्यंत आवाज पोचायला सेकंदाचा काही भाग उशीर लागतो, असं त्यात लिहिलेलं आहे. बारीक टाइपात. सध्या मी पाच मीटर वायर शोधतो आहे, आणि ही ती दारातून जाऊ देत नाही म्हणून तिला छतावरून न्यायची आहे.